गेल्या तीस दिवसांत तेल किती लागलं?

परवा आमच्या एमएच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली की भारतातली गरिबी आता जवळपास संपली, आणि त्याखाली नेहमीसारख्या दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे बघा, झालं ना, दुसरी म्हणे आकडे शिजवलेत. मी काहीच लिहिलं नाही. म्हणजे लिहायला घेतलं होतं, पण चार ओळी टाईप केल्यावर लक्षात आलं की हे ग्रुपवर मावायचं नाही, कारण मला जे सांगायचंय ते गरिबीपेक्षा गोडेतेलाबद्दल जास्त आहे आणि असलं काही ग्रुपवर टाकलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात. म्हणून इथे लिहितेय.

तर एमए इकॉनॉमिक्स झालं आणि नोकरी काही लगेच मिळाली नाही. नेट दिली, ती गेली. मग एका संशोधन प्रकल्पात सर्व्हेचं काम मिळालं, सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव भागात, आठ महिन्यांचं. पद काय तर फील्ड इन्व्हेस्टिगेटर. आई सगळ्यांना "रिसर्चमध्ये आहे" असं सांगायची. प्रत्यक्षात रिसर्च म्हणजे सकाळी दहिवडीच्या लॉजवरून एसटीने किंवा वडापने गावात उतरायचं, यादीतली घरं शोधायची, आणि एकेका घरात दोन-सव्वादोन तास बसून त्या घराने महिनाभरात काय खाल्लं, काय जाळलं, काय अंगाला लावलं, कशाला पैसे घातले ते ओळीने विचारत जायचं. आमच्या भाषेत त्या फॉर्मला शेड्यूल म्हणतात. गावातले लोक कागद म्हणायचे. "ताई, तुमचा कागद किती ऱ्हायला अजून?" हे वाक्य मी आठ महिन्यांत किती वेळा ऐकलं असेल त्याचा रिकॉल मला विचारू नका.

कॉलेजात आम्ही काय शिकलो होतो, तर डेटा असतो. तो टेबलात असतो, टेबल रिपोर्टात असतो, रिपोर्ट लायब्ररीत असतो. आणि मग तुम्ही त्यावर रिग्रेशन मारता. डेटा कुणाच्या तरी ओट्यावर बसून, म्हशीच्या शेणाच्या वासात, मधेच उठून कोंबडं हाकलत तयार होतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही वाटली नसावी कुणाला.

माझं पहिलंच घर. मे महिना, ऊन असलं की डोळे उघडवेनात. ओट्यावर घोंगडं टाकून दिलं, पाणी दिलं, आणि घरातले दादा समोर बसले उत्तरं द्यायला, कारण साहेबांचं माणूस आलं की उत्तर पुरुषाने द्यायचं असतं. वहिनी आत चुलीपाशी. मी शेड्यूल उघडलं आणि शुद्ध पुस्तकी आवाजात विचारलं, "गेल्या तीस दिवसांत गोडेतेल किती लागलं?"

"लागलं आसंल की दोन किलो."

मी दोन लिहिणार तेवढ्यात आतून आवाज, "आवं कुठलं दोन! मधी संपलं तवा परत आणलं न्हाय का. आन् बारशाला पाच किलोचा डबा आणल्याला, त्यो कुठं गेला?"

दादा म्हणाले, "बारसं ह्या म्हैन्यात कुठं, त्ये जत्रंच्या आधी झालं."

"जत्रंच्या आधी कसं हुईल? जत्रंला पोरगी चार दिसांची हुती."

आणि मग पुढची वीस मिनिटं त्या घरात, नंतर शेजारच्या दोन बायका येऊन मिळाल्या त्यामुळे त्या आळीत, बारसं नेमकं कधी झालं यावर चर्चा झाली. मी पेन धरून बसलेली. शेवटी ठरलं ते असं की बारसं झालं त्याला बत्तीस किंवा एकोणतीस दिवस झाले. आता बत्तीस असतील तर डबा माझ्या कागदात येत नाही आणि एकोणतीस असतील तर येतो, आणि तो आला तर हे घर खर्चाच्या हिशोबात एकदम वरच्या पायरीवर जाऊन बसतं. घर तेच, माणसं तीच, बारसंही तेच.

तेव्हा मला वाटलं होतं की हा माझा नवखेपणाचा प्रॉब्लेम आहे, अनुभवी माणसाने पटकन सोडवला असता. नंतर, सर्व्हे संपल्यावर, दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी पुण्यात बीएमसीसी रोडवर गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत बसून वाचताना कळलं की ह्या एका गोष्टीवर, किती दिवसांचं विचारायचं ह्या एवढ्याशा गोष्टीवर, अर्थशास्त्रातली मोठमोठी माणसं सत्तर वर्षं डोकं फोडतायत आणि देशातले काही कोटी लोक कागदावर गरीब आहेत की नाहीत हे त्याच्यावर फिरतं, कारण ठरावीक रकमेपेक्षा कमी खर्च करणारं घर गरीब धरतात. काही कोटी म्हणजे खरंच कोटी, सांगते पुढे.

ह्याला रिकॉल पिरियड म्हणतात. सोपं आहे. महिन्याचं विचारलं की माणूस विसरतो. भाजी चारदा आणलेली असते, आठवते तीनदा. पण आठवड्याचं विचारलं की उलटी गंमत होते, दहा दिवसांपूर्वी आणलेली गोष्ट माणूस ओढून आठवड्यात आणतो, "परवाच आणलं की" म्हणतो. आपल्याकडे परवा म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. म्हणून महिन्याच्या प्रश्नाला आकडा कमी येतो, आठवड्याच्या प्रश्नाला (चारने गुणून वगैरे) जास्त येतो. खरा आकडा कुठेतरी मधे असतो, पण कुठे?

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे एनएसएस, सुरू केली तेव्हा जगात एवढ्या मोठ्या देशात असलं काही कुणी केलेलं नव्हतं. त्याच्या आधी १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली होती, अध्यक्ष महालनोबिस, आणि सभासद दोनच, व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपले पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. सगळ्यांना दिसत होतं की देशात कोण किती खातं ह्याची कुणाकडेच धड माहिती नाही. तर पाहणी सुरू झाल्यावर हा रिकॉलचा प्रश्न लगेच वर आला आणि महालनोबिसांनी काय केलं, तर बंगालमध्ये थोड्या घरांत प्रयोग लावला. काही घरांना आठवड्याचं विचारायचं, काहींना महिन्याचं, आणि काही घरांत माणूस पाठवून शिजवायच्या आधी जिन्नस चक्क तोलायचे. आठवड्याचा आकडा जास्त आला, महिन्याचा कमी, आणि तोललेला आकडा निघाला महिन्याच्या जवळचा. मग ठरलं, तीस दिवस. झालं, पुढची चाळीसेक वर्षं तोच नियम.

मला हे वाचून महालनोबिसांबद्दल आदर वाटला तो वाटलाच, पण जास्त आठवण आली ती त्या तराजू घेऊन रोज सकाळी लोकांच्या चुलीपाशी जाऊन उभ्या राहणाऱ्या अनाम बंगाली मुलांची. काय शिव्या खाल्ल्या असतील त्यांनी.

आता कोटींची गोष्ट. नव्वदच्या दशकात जगभर टीका व्हायला लागली की महिन्याचा रिकॉल फार लांब आहे, बाकी देश आठवड्याचं विचारतात. मग १९९४ ते १९९८ च्या पाहण्यांमध्ये एनएसएसने दोन वेगवेगळी शेड्यूलं केली. काही घरांना जुनं, सगळं तीस दिवसांचं. काही घरांना नवं, खाण्याचं आणि पान-तंबाखूचं सात दिवसांचं, आणि कपडे, चपला, शाळेचा खर्च असल्या क्वचित होणाऱ्या गोष्टींचं ३६५ दिवसांचं. कुठल्या घराला कुठलं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं. म्हणजे देश एक, वर्ष एक, फक्त प्रश्न वेगळा. आणि नव्या शेड्यूलने गरिबीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. जवळपास वीस कोटी माणसं कागदावर गरिबीतून बाहेर! कुणाच्या ताटात एक चतकोर जास्त पडली नव्हती, फक्त "तीस दिवसांत" च्या जागी "सात दिवसांत" विचारलं होतं.

मला आमच्या त्या पहिल्या घरातल्या वहिनी आठवल्या एकदम. तो डबा.

आणि मग १९९९-२००० च्या मोठ्या पाहणीत कुणाला तरी वाटलं की भांडण नको, दोन्ही विचारू. एकाच घरात, एकाच पानावर, शेजारी शेजारी दोन रकाने, सात दिवस आणि तीस दिवस. कल्पना करा तुम्ही तिथे बसलाय. बाई म्हणाली आठवड्याला अर्धा किलो तेल, पुढचा प्रश्न महिन्याला किती, आता ती बाई काय बावळट आहे का, ती मनातल्या मनात चारने गुणणार आणि दोन सांगणार, आणि तिने नाही गुणलं तर समोरचा इन्व्हेस्टिगेटर गुणेल कारण त्याला संध्याकाळी सुपरवायझरला तोंड द्यायचंय आणि दोन रकाने जुळत नसले की सुपरवायझर विचारतो. झालंही बहुतेक तसंच, दोन्ही रकान्यांचे आकडे एकमेकांना चिकटले. गरिबीचा सरकारी आकडा आला २६.१ टक्के, त्याच्या आधी १९९३-९४ मध्ये होता ३६. सहा वर्षांत दहा टक्के उतरला! उदारीकरणामुळे झालं म्हणणारे खूश, आणि विरोधक म्हणाले हे सगळं रकान्यांमुळे झालं. दोघांनाही पाहिजे ते मिळालं.

इथे अँगस डीटन नावाचा माणूस येतो, ज्याला पुढे २०१५ चं नोबेल मिळालं. ह्या माणसाने जे केलं ते मला आजही अर्थशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं, आणि त्यात अवघड गणितापेक्षा घरगुती अक्कल जास्त आहे. तो म्हणाला, पानावरचे सगळेच प्रश्न बिघडलेले नाहीत. जळण, वीज, भाडं असल्या काही ओळी आहेत ज्या १९९३-९४ मध्येही तीस दिवसांच्याच होत्या आणि आताही तीस दिवसांच्याच आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही. मग जुन्या पाहणीत बघा की अमुक एवढा खर्च ह्या ओळींवर करणारं घर एकूणात किती खर्च करतं आणि गरीब असण्याची शक्यता किती, आणि तोच अंदाज नव्या पाहणीतल्या ह्याच ओळींना लावा. म्हणजे कसं, की कुणाच्या घरी किती जेवण होतं हे कळायला मार्ग नसेल तर त्यांच्या गॅसची टाकी किती दिवसांनी संपते ते बघायचं. ह्या हिशोबाने ग्रामीण गरिबी सरकारी २७.१ च्या जागी ३०.२ टक्के निघाली आणि शहरी २३.६ च्या जागी २४.७. म्हणजे गरिबी कमी झाली होती हे खरं, पण सरकार म्हणत होतं तेवढी नाही. हा आकडाही सगळ्यांनी मान्य केला असं नाही, अभिजित सेन वगैरे अर्थतज्ज्ञांनी त्यालाही आक्षेप घेतले, सुंदरम आणि सुरेश तेंडुलकरांनी वेगळा रस्ता काढला, ते सगळं इथे लिहीत बसत नाही, मला स्वतःलाच ते तीनदा वाचल्यावर कळलं होतं आणि आता परत विसरलेय.

बरं, आता माझी चूक सांगते. कारण मी इथे मोठमोठ्या लोकांच्या रकान्यांवर बोलतेय आणि माझ्या स्वतःच्या रकान्याची गोष्ट लपवणं बरोबर नाही.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एका गावात माझी अकरा घरं अशी झाली की तेलाच्या ओळीत शून्य. शून्य म्हणजे शून्य. मला काही वाटलंच नाही, उलट मनातून बरं वाटलं, पुढची ओळ लवकर आली. रात्री लॉजवर सुपरवायझर सर शेड्यूलं तपासायला बसले, आणि त्यांनी अकरावं पान उलटून चष्मा काढून विचारलं, "मॅडम, ह्या गावात सगळं उकडून खातात का?"

झालं होतं असं की तिकडे कोरडवाहू शेतात करडई होते, आणि लोक आपली करडई घाण्यावर नेऊन तेल काढून आणतात, वर्षाचं भरून ठेवतात. मी विचारत काय होते, तर "तेल किती आणलं?" छापील प्रश्न होता "लागलं". पण बोलता बोलता, तोच प्रश्न शंभर वेळा विचारला की जीभ शॉर्टकट घेते, माझ्या तोंडात "आणलं" बसलं होतं. आणि आणलं नव्हतंच त्यांनी, खरं उत्तर दिलं होतं. घरचं पिकवलेलं, घरचं काढलेलं खाल्लं तरी तो खर्च धरायचा असतो, शेतावरच्या भावाने किंमत लावून, हा ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशीचा धडा, आणि तो मी परीक्षेत बरोबर लिहिला असता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा घरी परत गेले. एका घरी आजी होत्या, कांदा निवडत बसलेल्या. मी म्हटलं आजी, काल तुम्ही तेल नाही म्हणालात, आणि हे काय कोपऱ्यात डबे भरून. आजींनी मान वर न करता सांगितलं, "तू आणलं का इचारलंस. लागलं का न्हाय इचारलंस."

रिसर्च मेथडॉलॉजीचा आख्खा पेपर एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला.

मापांची वेगळीच भानगड. ज्वारी कुणी किलोत सांगत नव्हतं, पायलीत. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, हे मला आजोबांमुळे तोंडी माहीत होतं, वर आदोली, चिपटं, मापटं. पण पायली हे भांडं आहे, वजन नाही, त्यात ज्वारी किती बसते ते ज्वारीवर, भरणाऱ्या हातावर आणि वर शीग लावता की हाताने निरपून टाकता त्यावर. आमच्याकडे ताणकाटा दिलेला होता. प्रत्येक गावात आधी दोन-तीन घरच्या पायल्या भरून तोलायच्या आणि मग त्या गावाचा हिशोब लावायचा. एका गावात साडेतीन किलोच्या आसपास यायची, शेजारच्या गावात चारच्या वर. मधे फक्त एक ओढा. पेपरात हे सगळं एका तळटीपेत जातं, स्थानिक मापांचं किलोग्रॅममध्ये रूपांतर केले आहे, संपलं.

आणि ह्या सगळ्याच्या खाली, तळाशी, एक रेषा आहे. दारिद्र्यरेषा. तिचा आणि साताऱ्याचा असा काही संबंध आहे की मला त्याची आजही गंमत वाटते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर साताऱ्यात जन्मलेले. त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी गोखले इन्स्टिट्यूटमध्ये बसून भारतातल्या गरिबीवर जे काम केलं ते जानेवारी १९७१ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत लागोपाठ दोन अंकांत आलं. पद्धत काय, तर माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी लागतात असं धरायचं, आणि एनएसएसच्या आकड्यांत बघायचं की किती खर्च करणाऱ्या घरांना तेवढ्या मिळतात. १९६०-६१ च्या भावाने गावात माणशी महिन्याला साधारण १५ रुपये, शहरात २२.५. त्या हिशोबाने गावातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक रेषेखाली. ह्या आकड्यांनी तेव्हा खळबळ उडाली, आणि नंतर रोजगार हमीपासून सगळ्या चर्चांत ते घुमत राहिले.

आणि ह्याला विरोध कुणी केला? पां. वा. सुखात्मे. जन्म बुध, तालुका खटाव, जिल्हा सातारा! मोठे संख्याशास्त्रज्ञ, कित्येक वर्षं रोमला एफएओत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, काढून १९७० च्या सुमाराला पुण्यात परत आलेले. त्यांचं म्हणणं असं की २,२५० ही सरासरी झाली, सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी कसा? माणसाची गरज माणसागणिक बदलते, एवढंच काय, एकाच माणसाची आज वेगळी उद्या वेगळी असते, शरीर जुळवून घेतं, तेव्हा तुम्ही उपाशी लोक मोजताय ते फुगवून मोजताय. दांडेकरांना हे मुळीच पटलं नाही, आणि दोघांचं जाहीर, छापील, चांगलं कडकडीत भांडण झालं. मी वाचलंय त्यातलं बरंचसं. माझा कल कुणाकडे म्हणाल तर मनाने दांडेकरांकडे, कारण शरीर जुळवून घेतं म्हणजे काय करतं ते मी बघितलंय, दुपारी तीन वाजता कामाच्या वेळेला बाजेवर पडून राहिलेली माणसं बघितलीयेत. पण डोक्याने, सुखात्म्यांचा सरासरीवरचा आक्षेप अजूनही मला कुणी पूर्ण खोडून दाखवलेला नाही. आणि कहर म्हणजे पुसेगावजवळच्या ह्याच बुधमध्ये आमची यादीतली घरं होती, मी तिथे दोन दिवस हिंडले, फाट्यावर चहा प्यायले, लोकांना तेल विचारलं, आणि सुखात्मे हे नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. एमए फर्स्ट क्लास.

पुढे रेषा बदलत गेली. सरकारने नेमलेल्या सुरेश तेंडुलकरांच्या समितीने २००९ मध्ये कॅलरीचा खुंटा सोडला, २००४-०५ साठी गरिबी ३७.२ टक्के सांगितली, जी आधी २७.५ म्हणून सांगितली जायची. आणि मग सप्टेंबर २०११ मध्ये तो "बत्तीस रुपयांत जगून दाखवा" वाला गदारोळ झाला, तो आठवत असेल तुम्हाला, शहरात रोज ३२ आणि गावात २६ रुपयांच्या वर खर्च करणारा गरीब नाही असं सरकारकडून सुप्रीम कोर्टात सांगितलं गेलं म्हणून. टीव्हीवर लोक तेंडुलकरांना शिव्या घालत होते आणि तेंडुलकर त्याच वर्षी जूनमध्ये गेलेले होते, उत्तर द्यायला माणूसच नाही. गंमत बघा, ज्यांनी गरिबीचा आकडा दहा टक्क्यांनी वाढवला त्यांनाच गरिबी लपवणारे ठरवलं. नंतर रंगराजन समितीने रेषा अजून वर नेली, २०११-१२ ची गरिबी तेंडुलकर पद्धतीने २१.९ आणि रंगराजन पद्धतीने २९.५.

रिकॉलचं काय झालं म्हणाल, तर शेवटी एनएसएसने मधला मार्ग काढला आणि मला तो पटतो कारण तो कुठल्याही घरातल्या बाईला पटेल असा आहे. धान्य, डाळी, साखर, दूध ह्यांचं तीस दिवसांचं विचारायचं, कारण हे महिन्याच्या हिशोबानेच घरात येतं. तेल, भाजी, फळं, अंडी-मटण, मसाले, बाहेरचं खाणं ह्यांचं सात दिवसांचं. कपडे, भांडी, शाळेची फी, दवाखान्यात अ‍ॅडमिट झाल्याचं ३६५ दिवसांचं. पण त्यानेही आकडा हलतोच. जागतिक बँकेने २०११-१२ साठी माणशी रोज १.९० डॉलरची रेषा धरून भारताची गरिबी जुन्या रिकॉलने २१.२ टक्के काढली होती, आणि ह्या नव्या मिश्र रिकॉलने १२.४. परत तेच! एक देश, एक वर्ष, एक रेषा.

म्हणून ग्रुपवर जेव्हा कुणी म्हणतं की २०११ ला एवढी होती आणि आता एवढीच राहिली तेव्हा माझं पहिलं लक्ष आकड्याकडे जात नाही, कुठल्या कागदाने विचारलं होतं तिकडे जातं. २०१७-१८ च्या पाहणीचे निकाल सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये बाजूला ठेवले, डेटाच्या दर्जाचं कारण सांगून, त्यामुळे मधे अकरा वर्षांचं भगदाड. नंतर २०२२-२३ ची पाहणी आली, तिच्यात गावात माणशी महिना ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९. पण ह्या वेळी कागदच वेगळा. आधी ३४७ वस्तू विचारायचे, आता ४०५. आधी एका बैठकीत सगळं उरकायचे, आता तीन वेगळ्या महिन्यांत तीन फेऱ्या, एकदा खाण्याचं, एकदा वापरायच्या वस्तू नि सेवांचं, एकदा टिकाऊ वस्तूंचं. हे चांगलंच आहे. मी त्या सव्वादोन तासांच्या शेवटी लोकांचे चेहरे बघितलेत, शेवटच्या तीस ओळींना माणूस काय वाट्टेल ते सांगतो, कारण त्याला म्हशीची धार काढायची असते. तीन फेऱ्या केल्या की आठवण चांगली येते, आकडा वर जातो. पण मग त्या वर गेलेल्या आकड्यातलं किती लोकांचं खाणं वाढलं म्हणून आणि किती विचारायची रीत सुधारली म्हणून, हे वेगळं करायला परत कुणीतरी डीटनसारखी घरगुती अक्कल लावावी लागणार. गरिबी कमी झालीये असं मला वाटतं, माण-खटावमधली ती घरं आज बघितली तर कुणालाही वाटेल. किती, ते मात्र मी ग्रुपवर सांगणार नाही.

हे सगळं लिहिताना काल रात्री सहज डोक्यात आलं म्हणून घरात प्रयोग केला. नवरा लॅपटॉपवर होता. त्याला विचारलं, अरे गेल्या तीस दिवसांत आपल्याकडे तेल किती लागलं? तो म्हणाला, "दोन पिशव्या?" वर प्रश्नचिन्ह. सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "पाच तरी." मी स्वतः मनात चार धरले होते, मी प्रोफेशनल ना. मग ॲपवरच्या जुन्या ऑर्डरी काढल्या, तीन लिटर. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पिशवी मी स्वतः आणलेली आठवली, पण ती ह्या महिन्यात की गणपतीच्या आधी? नवरा म्हणे आधी. सासूबाई म्हणे छे, आधी कसं, मोदक तळले त्या दिवशी नव्हतं का संपलं. आम्ही तिघं साधारण दहा मिनिटं ह्यावर बोललो. शेवटी मी ओट्यावरची बरणी उचलून बघितली, किती उरलंय त्याचा अंदाज घेतला, आणि कागदावर साडेतीन लिहिलं.

सासूबाईंनी विचारलं, "दिव्यातलं धरलंस का?"

नव्हतं धरलं.